नर्सिंगची डिग्री देशभर चालते, मग परराज्यात पुन्हा नोंदणी कशासाठी?

लातूरमध्ये बीएस्सी नर्सिंग झालं आणि नोकरी लागली बंगळुरूमध्ये. लगेच ड्युटीवर रुजू होता येतं का? नाही. आधी तिथली नोंदणी लागते.

असं का?

अभ्यासक्रमाचे निकष इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवते, पण नर्सची नोंदणी राज्याचं कौन्सिल करतं. १९४७ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्यात नोंदणीसाठी पुरेशी आहे. म्हणजे शिक्षण पुन्हा घ्यावं लागत नाही, पण नोंदणी आपोआप होत नाही.

मग करायचं काय?

१. शिक्षण जिथे झालं, त्या राज्यात आधी नोंदणी करा. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करतं.

२. तिथून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी घ्या.

३. एनओसी जोडून नव्या राज्याच्या कौन्सिलकडे अर्ज करा.

कर्नाटकात शिकून महाराष्ट्रात परतणाऱ्यांसाठी हाच प्रवास उलट दिशेने होतो.

कुठे अडतं?

पडताळणीला वेळ लागतो आणि रुजू होण्याची तारीख थांबत नाही. मूळ मार्कशीट कॉलेजमध्येच अडकली असेल, तर आणखी उशीर. म्हणून ऑफर लेटर येताच एनओसीचा अर्ज करा आणि नोंदणी होईपर्यंत पगार व पद काय असेल, हे हॉस्पिटलकडून लेखी घ्या.

पुढे काय बदलेल?

२०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायद्यात देशपातळीवरच्या नोंदवहीची तरतूद आहे. तोवर बॅग भरण्याआधी एनओसीची फाइल भरलेली बरी.