पाहुणा मुक्कामाला कुठे राहणार?

पाठीवर भलीमोठी पिशवी, हाती प्रवासमार्गदर्शक पुस्तक किंवा आता मोबाइल, आणि परतीच्या तारखेची फारशी फिकीर नाही, अशा प्रवाशांना जगभर ‘बॅकपॅकर’ म्हणतात. त्यांत तरुण जोडपी पुष्कळ असतात. दोघांत एक खोली आणि एक दुचाकी पुरते, म्हणून खर्च निम्म्यावर येतो व मुक्काम लांबतो. व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावरील मुई ने या गावी असे जोडपे दोन दिवसांसाठी उतरते आणि आठवडाभर राहते. आपल्याकडे हेच जोडपे वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात आले तर बहुधा अंधार पडण्यापूर्वीच नागपूरला परतेल. असे का होते, याचे उत्तर निसर्गसौंदर्यात शोधून उपयोग नाही. रात्री पाठ टेकायला जागा कोणाकडे मिळते, हा त्यातला खरा प्रश्न आहे. गोसेखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प आकाराला येत असताना तो विचारणे अगत्याचे आहे.

मुई नेची कथा मोठी गमतीची आहे. फान थियेत शहराच्या पूर्वेला असलेले हे कोळ्यांचे गाव. मासे मिठात मुरवून त्यांचा अर्क काढायचा, ही या भागाची जुनी ख्याती. व्हिएतनामने १९८६ मध्ये ‘दोइ मोइ’ नावाने आर्थिक सुधारणांना आरंभ केला आणि परदेशी प्रवाशांसाठी दारे किलकिली झाली, तरीही मुई ने कोणाच्या खिजगणतीत नव्हते. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. राजस्थानातील नीम का थाना आणि बंगालमधील डायमंड हार्बर येथे भारतीयांनी ज्या ग्रहणासाठी गर्दी केली, तेच हे ग्रहण. त्याची सावली पुढे सरकत फान थियेतच्या किनाऱ्यावरून गेली. ते पाहण्यासाठी लोटलेल्या प्रवाशांना माडांच्या रांगा, लाल-पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आणि टोपलीसारख्या गोल होड्या दिसल्या. ग्रहण काही मिनिटांत सुटले. मुई नेचे पर्यटन मात्र तेव्हापासून सुरू झाले, असे तेथे आजही सांगतात.

पुढे जे घडले ते हळूहळू घडले. आधी मोजकी विश्रामस्थाने उभी राहिली. मग हो चि मिन्ह शहरातून निघून किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या स्वस्त बसगाड्यांनी बॅकपॅकर येऊ लागले. एकच तिकीट काढायचे, वाटेल त्या गावी उतरायचे आणि मन भरले की पुढची गाडी पकडायची, अशी ती सोय. या प्रवाशांसाठी स्थानिक कुटुंबांनी घरातल्या, परसातल्या खोल्या देण्यास सुरुवात केली. अशा ठिकाणी खोलीचे भाडे हा मिळकतीचा एकच भाग असतो. घरची माणसे पाहुण्याला दुचाकी भाड्याने देतात, त्याचे कपडे किलोच्या भावाने धुऊन देतात, पुढच्या बसचे तिकीट काढून देताना चार पैसे अडत घेतात. रात्रीचे जेवण शेजारच्या टपरीवर. म्हणजे जोडपे दिवसाला थोडेच खर्च करते. परंतु तो पैसा एकाच गल्लीतल्या पाच-सहा घरांत पडतो.

पर्यटनाच्या अर्थशास्त्रात ‘गळती’ नावाची एक संकल्पना आहे. पर्यटकाने मोजलेल्या रकमेतील जो भाग त्या गावात न थांबता बाहेर जातो, ती गळती. मोठ्या रिसॉर्टमधील पाहुणा दहापट पैसे देतो हे खरे. पण मालक महानगरातला, व्यवस्थापक बाहेरचा, भाजी घाऊक बाजारातून आणलेली आणि आरक्षण करणाऱ्या संकेतस्थळाची दलाली वेगळीच. गावाच्या वाट्याला येतात त्या झाडलोटीच्या आणि पहाऱ्याच्या नोकऱ्या. अर्थात रिसॉर्ट म्हणजे सगळेच वाईट असे मानण्याचे कारण नाही. ते नियमित पगार देते, कर भरते. पण त्याच्याकडून जी अपेक्षा गावे बाळगून असतात, ती पुष्कळदा भाबडी ठरते.

मुई नेत हेही झाले. फान थियेतहून येणारा रस्ता आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत एकाला एक लागून रिसॉर्टे उभी राहिली. रस्त्याने चालणाऱ्याला कित्येक ठिकाणी समुद्र दिसेनासा झाला. काही भागांत लाटांनी वाळू खाऊन टाकली. रशियन पर्यटकांचा ओघ इतका वाढला की दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत झळकू लागल्या. करोनाच्या साथीत व्हिएतनामने आपल्या सीमा बंद केल्या, त्या १५ मार्च २०२२ रोजी पूर्णपणे खुल्या झाल्या. पण तोवर युक्रेनचे युद्ध पेटले होते आणि रशियन विमाने आली नाहीत. एकाच देशाच्या पाहुण्यांवर विसंबलेल्यांचे हाल झाले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये हो चि मिन्ह शहराकडून फान थियेतपर्यंतचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि शनिवार-रविवारची शहरी गर्दी लोटू लागली. ज्या प्रांतात हे गाव होते तो बिन्ह थुआन प्रांतही २०२५ मध्ये लाम डोंगमध्ये विलीन झाला. भारतीयांना आता व्हिएतनाम परके राहिलेले नाही. २०२४ मध्ये तेथे गेलेल्या भारतीयांची संख्या पाच लाखांच्या आसपास होती.

आता वैनगंगेकडे यावे. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द येथे राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. तो पुढे किती हजार कोटींवर गेला, हा वेगळ्या लेखाचा विषय. तेहतीस दरवाजांचे हे धरण, म्हणजेच इंदिरासागर, अकरा किलोमीटरहून अधिक लांब आहे. त्यामागे पसरलेल्या पाण्याखाली भंडारा आणि नागपूर या दोन जिल्ह्यांतील अनेक गावे गेली. या पाण्यावर जलक्रीडा आणि नौकाविहाराचा सुमारे शंभर कोटींचा प्रकल्प मंजूर झाला व २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजनही झाले. त्याच वर्षी जानेवारीत अंभोऱ्याजवळ वैनगंगेवरील केबलच्या आधाराचा पूल खुला झाला. पुलाच्या उंच सज्जातून पाच नद्यांचा संगम पाहायला नागपूरकरांची रीघ लागली.

अंभोरा नागपूर जिल्ह्यात, पलीकडचा काठ भंडाऱ्याचा. चैतन्येश्वराच्या या टेकडीवर मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ रचला असे विदर्भातील अनेक अभ्यासक मानतात. अंबाजोगाईकरांना ते मान्य नाही, आणि हा वाद काही एवढ्यात मिटणारा नाही. जवळच पवनी आहे, जेथे १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लागूनच. शिवाय मालगुजारी तलाव, भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ, नदीतले झिंगे आणि दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके. पाहण्यासारखे काही नाही, अशी तक्रार येथे करता येत नाही. नाटक पहाटे संपते. पाहुण्याने मग जायचे कुठे?

भंडारा शहरात लॉज आहेत, अभयारण्याच्या वेशीवर महागडी रिसॉर्टे आहेत. मधले काही नाही. जी आहेत तेथे जोडप्याची आणखी एक परीक्षा असते. लग्न झाले आहे का, आडनावे वेगळी कशी, असे प्रश्न छोट्या शहरांतील लॉजवर सर्रास विचारले जातात. वस्तुतः सज्ञान स्त्री-पुरुषांनी विवाहाशिवाय एका खोलीत राहण्यास कायद्याने बंदी नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलेले आहे. पाहुणे परदेशी असतील तर अडचण वाढते. त्यांच्या मुक्कामाची माहिती शासनाला कळवावी लागते. हे काम आता ऑनलाइन होते, तरी सवय नसलेला लॉजमालक ‘खोली शिल्लक नाही’ असे सांगून मोकळा होतो. पाहुण्याची नोंद करणे व्हिएतनाममध्येही बंधनकारक आहे. फरक इतकाच की तेथील घरमालकाला ते रोजचे काम वाटते. पासपोर्ट घेतला, नोंद केली, किल्ली दिली.

हे आपल्याकडे जमतच नाही असेही नाही. ३० एप्रिल १९९७ रोजी सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली-मालवणच्या पट्ट्यात आज घराघरांतून पाहुणे राहतात. घरची बाई सोलकढी आणि माशाचे सार करते, घरचाच मुलगा होडीतून किल्ला दाखवून आणतो. निवास व न्याहारी योजना अशा घरांसाठीच आहे. शासनाच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणात तर महिलांना पर्यटन व्यवसायासाठी पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. पवनी तालुक्यातील पुनर्वसित गावांत, जेथे शेती पाण्याखाली गेली आणि हाताला काम उरले नाही, तेथे या दोन योजना पोहोचल्या तर शंभर कोटींच्या प्रकल्पाइतकाच फरक पडू शकेल.

एकाच आकर्षणावर भिस्त ठेवण्याचा धडा तर या परिसराने स्वतःच घेतलेला आहे. ‘जय’ नावाच्या रुबाबदार वाघाने उमरेड-कऱ्हांडल्याला देशाच्या नकाशावर आणले. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसला नाही. त्याच्या मागोमाग पर्यटकांची वर्दळही ओसरली आणि जिप्सीचालक व मार्गदर्शक यांचे दिवस रिकामे जाऊ लागले. मुई नेत रशियन पाहुणे यायचे थांबले तेव्हाची स्थिती याहून वेगळी नव्हती.

मात्र गोसेखुर्दची सर्वांत मोठी अडचण खोल्यांची नाही, पाण्याचीच आहे. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सारे येऊन साठते जलाशयात. काठावरच्या गावांनी पाण्याच्या दुर्गंधीबद्दल, मासे मेल्याबद्दल, जलपर्णीबद्दल वर्षानुवर्षे गाऱ्हाणी मांडली आहेत. ज्या पाण्यात ढिवर बांधवांची जाळी जलपर्णीत अडकतात, त्याच पाण्यावर पर्यटकांच्या वेगवान बोटी फिरणार आहेत. नाग नदीच्या शुद्धीकरणाची योजना कागदावरून प्रत्यक्षात किती वेगाने येते, यावर जलपर्यटनाचे भवितव्य बोटींच्या संख्येपेक्षा अधिक अवलंबून आहे. आणि गंमत अशी की, दिवसभर सज्जातून संगम न्याहाळून ज्या शहराकडे गाड्या संध्याकाळी परततात, ते सांडपाणी त्याच शहराचे असते.

ढिवरांचे डोंगे या जलाशयावर आधीपासून आहेत. नदीचे खडक, ओढ आणि पावसाळ्यातले फुगवट्याचे पाणी त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. मुई नेच्या कोळीवाड्यात पहाटे गोल होड्या किनाऱ्याला लागतात आणि वाळूवरच मासळीचा बाजार भरतो. तो पाहण्यासाठी प्रवासी भल्या सकाळी उठतात, म्हणजेच आदली रात्र तेथे काढतात. गोसेखुर्दच्या नव्या धक्क्यावर डोंगेवाल्यांना उभे राहू दिले जाते, की ठेकेदाराचा तिकीटधारक नावाडी तेवढा तेथे असतो, हे निविदेच्या अटींत ठरणार आहे.