रोबलिंग घराणे आणि ब्रुकलिनचा पूल

प्रशियातील म्युलहाउझेन येथे १८०६ साली जन्मलेला आणि १८३१ मध्ये अमेरिकेस गेलेला जॉन ऑगस्टस रोबलिंग याने पेनसिल्वेनियाच्या डोंगरचढणीवर कालव्यांतील नावा ओढणारे अंबाडीचे दोर तुटताना पाहून लोखंडी तारांचा दोर वळण्याचा कारखाना काढला, आणि १८५५ मध्ये अशाच तारांच्या आधारावर नायगारा नदीवरून ८२१ फुटांच्या गाळ्याचा झुलता पूल टाकून त्यावरून आगगाडी चालविली. वाऱ्याने झुलते पूल कोसळत, त्या काळात त्याने पूल जड व ताठ केले, मनोऱ्यांपासून तिरपे ताण दिले, आणि ब्रुकलिनच्या पुलाच्या दोरखंडांना तर आवश्यकतेच्या सहापट बळ नेमून दिले. या घराण्याचे खरे मोठेपण मला या दूरदृष्टीतच दिसते.

१८६९ मध्ये त्या पुलाची पाहणी चालू असता जॉनचा पाय नावेच्या धक्क्यापाशी चिरडला आणि धनुर्वाताने त्याचा अंत झाला. त्याच्या जागी मुख्य अभियंता म्हणून पुत्र वॉशिंग्टन याची नेमणूक झाली. मनोऱ्यांचे पाये खोदण्यासाठी नदीच्या तळाशी उतरविलेल्या प्रचंड लाकडी पेट्यांतील दाबलेल्या हवेत मजुरांबरोबर तोही वावरत असे. तीतून झपाट्याने वर आल्याने जडणाऱ्या व्याधीने १८७२ मध्ये त्याला कायमचे पंगू केले. तेव्हापासून त्याची पत्नी एमिली, गणित आणि पदार्थांच्या बळाचे शास्त्र स्वतः आत्मसात करून, त्याचे हुकूम कामावर पोहोचवी आणि अधिकाऱ्यांना जबाब देई; १८८२ मध्ये त्याला बडतर्फ करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्याची बाजूही तिने मांडली. अशा स्त्रीस केवळ निरोप्या म्हणणे अन्यायाचे होईल.

१८७८ मध्ये उघडकीस आले, की तारेचा मक्तेदार तपासणीत उत्तीर्ण झालेला माल वाटेतच बदलून निकृष्ट तार पाठवीत होता. दोरखंडांत गुंफली गेलेली तार काढणे अशक्य होते. वॉशिंग्टनने नव्याने हिशेब मांडला: वडिलांच्या सहापट बळातून घट वजा जाताही निदान पाचपट उरत होते, वर त्याने प्रत्येक दोरखंडात सुमारे दीडशे तारा मक्तेदाराच्याच खर्चाने वाढविल्या. २४ मे १८८३ रोजी १,५९५ फुटांच्या मुख्य गाळ्याचा तो पूल रहदारीस खुला झाला.

ती निकृष्ट तार आजही त्या चार दोरखंडांत आहे.