पाणी उलटं का येतं?

विषय जरा घाण आहे, पण आपल्या सगळ्यांचा आहे. ड्रेनेज लाइन चोक झाली की आपण आधी वॉर्डनच्या नावाने खडे फोडतो आणि मग वरच्या मजल्यावर अंघोळीला जातो. पण आत नेमकं काय होतं?

ड्रेनेजला सहसा पंप नसतो, सगळं काम उताराचं. जुना ठोकताळा असा : ४ इंची पाइपला ४० फुटांत १ फूट उतार, ६ इंचीला ६० फुटांत १ फूट. पाणी मैला सोबत घेऊन जातं. पण केस, साबण, भात आणि थिजलेलं तेल चिकटत गेलं की पाइप आतून अरुंद होतो. त्यात सॅनिटरी पॅड पडलं तर ते पाणी पिऊन फुगतं आणि बूच बसतं. मग पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून वर येतं. (मी कॉन्व्हेंटवाला, हा शब्द मला प्लंबरकाकांनी शिकवला.) म्हणजे वर अंघोळ करणारा खालच्यांच्या पुरात भरच घालतो!

एकच बेसिन तुंबलं तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये. बेसिनचं वरचं भोक ओल्या फडक्याने बंद करून प्लंजर मारा. नाहीच जमलं तर खाली बादली ठेवून ट्रॅप उघडा. अ‍ॅसिड ओतू नका. त्याने प्लॅस्टिक विरघळत नाही, आणि आत ब्लीचिंग पावडर असेल तर विषारी क्लोरीन सुटतो.

सगळा तळमजला तुंबला तर मेन लाइन. लगेच सगळ्या मजल्यांवरचे नळ बंद करा आणि ऑफिसला कळवा. एक चेंबर भरलेलं आणि पुढचं रिकामं असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. तो वरूनच रॉडने किंवा जेटिंग मशीनने काढायचा.

चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. आत हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूसाठी भरपाई ३० लाख केली. पण गेलेला माणूस कुठे परत येतो?

म्हणून पॅड कागदात गुंडाळून डब्यात, खरकटं बादलीत आणि नहाणीची जाळी जागेवर. एवढं आपल्या हातात नक्की आहे.