‘उजवा’ पक्ष म्हणजे काय?

राजकारणातला ‘उजवा’ हा शब्द ऐकला की बहुतेकांना धर्माचे किंवा श्रीमंतांचे राजकारण आठवते. हा शब्द 1789 च्या फ्रेंच सभागृहातून आला. तिथे राजाचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत. आज आर्थिक धोरणात ‘उजवा’ किंवा ‘मध्य-उजवा’ म्हणजे बाजाराला मोकळीक आणि सरकारला मर्यादित काम देणारा.

आठवडी बाजाराचे उदाहरण घ्या. ग्रामपंचायत जागा देते, झाडलोट करते. वांग्यांचा भाव मात्र विकणारी आणि घेणारा ठरवतात. सरकारनेही एवढेच करावे, असे हा विचार सांगतो.

महाराष्ट्रात शेतकरी नेते शरद जोशींनी 1994 मध्ये स्थापलेला स्वतंत्र भारत पक्ष याच वळणाचा. पक्ष लहान; तरी 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यातून वामनराव चटप त्याचे आमदार झाले. या पक्षाची मुळे शेतकऱ्याच्या अनुभवात होती. 1972 मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत (सरकारच एकमेव खरेदीदार) कापूस राज्याबाहेर विकायला बंदी होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीच्या शेतकऱ्याला पैनगंगेपलीकडे, राज्याबाहेर, चांगला भाव दिसला, तरी कापसाची गाडी तिकडे नेता येत नसे.

म्हणून ‘उजवा’ म्हणजे धर्मवादी किंवा गरिबांच्या विरोधातला, असे सरसकट धरू नये. बाजार, धर्म आणि परंपरा यांबद्दलची पक्षाची भूमिका वेगवेगळी तपासावी. खुल्या बाजाराची मागणी कोरडवाहू शेतकऱ्याचीही असू शकते.