पत्र्यातून धावणारा आवाज : धानाच्या टाकीपासून पाइपपर्यंत

गोंदिया म्हटलं की तलाव, धान आणि राईस मिल. ज्या मिलमध्ये उकडा तांदूळ होतो, तिथे धान गरम पाण्यात भिजवतात, मग वाफवतात. हे सगळं पोलादी पत्र्याच्या टाक्यांत चालतं. पाणी, वाफ आणि हवा एकत्र आली की पोलाद गंजणारच. आणि भरलेल्या टाकीखाली माणसं काम करत असतात. म्हणून प्रश्न असा, की टाकी न कापता, न फोडता पत्रा कुठे झिजलाय हे कसं कळणार?

नेहमीचा उपाय म्हणजे थिकनेस गेज. प्रोब पत्र्याला टेकवायचा, आवाज समोरच्या बाजूवर आपटून परत येतो, त्या वेळेवरून जाडी निघते. पोलादात या आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर. मोजमाप चांगलं, पण फक्त प्रोबखालच्या जागेचं. हिशोब करा. ३ मीटर व्यासाची, ५ मीटर उंच टाकी घेतली, तर नुसती भिंतच सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे ४ लाख ७० हजार चौरस सेंटिमीटर. त्यात १०० ठिकाणी मोजलं, तर बाकीचं सगळं अंदाजावर!

इथे पत्रा स्वतःच मदतीला येतो. आवाज पत्र्यात शिरला की दोन्ही पृष्ठभागांवर आपटत राहतो, बाहेर जाऊ शकत नाही. कालव्यातल्या पाण्यासारखा तो पत्र्यातूनच पुढे जातो. म्हणून याला मार्गदर्शित तरंग म्हणायचं. याचं गणित होरेस लॅम्ब यांनी १९१७ मध्ये मांडलं, त्यामुळे ‘लॅम्ब तरंग’ हे नाव. अल्ट्रासोनिक वारंवारितेला ते प्रयोगाने पडताळून दाखवले वर्ल्टन यांनी, १९६१ मध्ये.

आता यात दोन मुख्य प्रकार बघा. सतरंजी झटकली की लाट पळते ना, तसा अख्खा पत्रा वाकत जातो, तो ए-शून्य. दुसऱ्यात पत्रा लांबीच्या दिशेने ताणला-दबला जातो आणि किंचित जाड-बारीक होतो, तो एस-शून्य. वारंवारिता वाढवली की आणखी प्रकार जागे होतात आणि प्रतिध्वनींची खिचडी होते. पोलादासाठी वारंवारिता (मेगाहर्ट्झ) गुणिले जाडी (मिलिमीटर) हा आकडा साधारण १.६ च्या खाली ठेवायचा. म्हणजे ६ मिलिमीटर पत्र्याला १०० किलोहर्ट्झ दिले, तर ०.६. चालेल.

टाकीत पाणी असेल तर? ए-शून्यात पत्रा पाण्याला ढकलतो, आणि वरच्या उदाहरणात त्याचा वेग पाण्यातल्या आवाजापेक्षा जास्त असल्याने ऊर्जा पाण्यात गळते. एस-शून्य मुख्यतः पत्र्याच्या आतच हलतो, म्हणून भरल्या टाकीत तो जास्त लांब टिकतो. त्याचा वेग सुमारे ५४०० मीटर. २ मीटरवर झीज असेल, तर जाऊन-येऊन ४ मीटर, म्हणजे प्रतिध्वनी सुमारे ०.७४ मिलिसेकंदात हजर.

पत्रा गुंडाळला की पाइप झाला. तत्त्व तेच. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॅटचे ५ संच आहेत. अशा कोणत्याही वीज केंद्रात मैलोगणती पाइप असतात, काही आच्छादनाखाली. थोडं आच्छादन एका जागी काढून पाइपला प्रोबचं कडं बसवलं, की दोन्ही दिशांना बरेच मीटर चाळणी होते.

मी ‘चाळणी’ म्हणालो, ‘मोजणी’ नाही. १०० किलोहर्ट्झला एस-शून्याची तरंगलांबी ५४ मिलिमीटरच्या आसपास. सुईच्या टोकाएवढा खड्डा तिला दिसत नाही, आणि असा खड्डाही टाकी गळवू शकतो. वेल्डचा जोड, नोझल, आधाराचा पाय, सगळेच प्रतिध्वनी देतात. म्हणून आधी टाकीचा नकाशा हवा. ज्या प्रतिध्वनीला नकाशात कारण सापडत नाही, तिथे जाऊन थिकनेस गेज टेकवायचा. एकाने जागा शोधायची, दुसऱ्याने जाडी सांगायची.

तेव्हा तपासणीचा अहवाल हातात आला की नुसतं ‘जाडी ठीक’ वाचून सही करू नका. विचारा : एकूण पत्र्यापैकी किती तपासला? आधाराच्या मागचा, तळाजवळचा भाग बघितला का? न बघितलेल्या जागा अहवालात लिहिल्यात का? टाकीखाली उभ्या असलेल्या माणसाचा जीव या उत्तरांवर असतो.