घड्याळावरून पडलेला माणूस

माणूस पडला की आपल्याला हसू का येते, याचा निकाल तत्त्वज्ञांनी खुशाल लावावा. मला त्या पडण्याची किंमत कोणी मोजली, हे अधिक महत्त्वाचे वाटते. म्हणूनच १९८३ सालच्या ‘प्रोजेक्ट ए’ या हाँगकाँगच्या चित्रपटाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

कथानक म्हणाल तर चिमूटभर. विसाव्या शतकाच्या आरंभीचे हाँगकाँग, समुद्रात चाच्यांचा सुळसुळाट आणि त्यांच्यामागे लागलेले सागरी पोलीस. दिग्दर्शक आणि नायक एकच, जॅकी चॅन. गल्लीबोळांतून सायकलवर पळता पळता हे गृहस्थ त्या सायकलचेच हत्यार करतात! पण खरी गंमत (गंमत म्हणावी की नाही, हे वाचकांनीच ठरवावे) मनोऱ्यावर आहे. घड्याळाच्या काट्याला तो लोंबकळतो, हात सुटतो आणि दोन कापडी छपरे फाडीत तो धाडकन जमिनीवर येतो. १९२३ सालच्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये हॅरॉल्ड लॉइड असाच घड्याळाला लटकला होता, त्या मूकपटाला केलेला हा नमस्कार. मात्र लॉइड लटकून राहिला, चॅन पडला. मानेला दुखापत झाली ती वेगळीच.

हे धाडस आले कुठून? १९५४ साली जन्मलेल्या या मुलाला आईबापांनी कोवळ्या वयात यू जिम-युएन या गुरूंच्या पेकिंग संगीतनाट्याच्या शाळेत ठेवले. करार दहा वर्षांचा! कोलांट्या, गायन, शस्त्रांचे हात. आणि चुकले की छडी. या चित्रपटातले त्याचे जोडीदार सॅमो हंग आणि युएन बियाओ हेही त्याच शाळेतले. पण मुले तयार होईपर्यंत त्या नाट्याचा प्रेक्षकच ओसरला. पोटासाठी पोरे स्टुडिओच्या दारात गेली आणि दुसऱ्यांच्या वाटचे मार खाऊ लागली. पुढे चॅनने अमेरिकेतही नशीब अजमावले. १९८० च्या ‘द बिग ब्रॉल’ने तिथे फारसे काही साधले नाही. परतल्यावर त्याने गुरुगृहीची ती कसरत विनोदाला जुंपली.

चित्रपट संपल्यावर नामावलीबरोबर चित्रीकरणातले फसलेले प्रसंग दाखवले आहेत. आमच्या घरची मुले तिथे सर्वांत जास्त खिदळतात. त्यांची आजी मात्र दर खेपेला विचारते, “अरे, फार लागलं का रे त्याला?”