गाडी गाडीला सांगते तेव्हा

आपल्या गेर्लिंगेनच्या शेजारून ए ८१ हा ऑटोबान जातो. मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या बऱ्याच जणांचा हा नेहमीचा रस्ता. तासाला १२० कि.मी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते. पुढच्या ट्रकच्या पलीकडे कुणी करकचून ब्रेक दाबला, तर ते आपल्याला दिसतच नाही. साखळी अपघात होतात ते यामुळेच. मग ब्रेक दाबणाऱ्या गाडीनेच आसपासच्या सगळ्यांना बिनतारी निरोप दिला तर?

हे तंत्र आता प्रयोगशाळेबाहेर आलं आहे. २०१९ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या फोक्सवागन गोल्फमध्ये ते युरोपात मूळ गाडीसोबतच मिळू लागलं. मध्ये टॉवर नाही, मोबाइल कंपनी नाही. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींवर गाडी आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला एक ते दहा वेळा जाहीर करते. धोका असेल तर वेगळा इशारा देते.

पण निरोप पोहोचला याची खात्री काय? फोनवर समोरचा 'हं' म्हणतो, तेव्हा आपल्याला कळतं. इथे ऐकणारे शंभर, तेही सतत बदलणारे. सगळ्यांनी 'हं' म्हटलं, तर त्या गोंगाटात पुढचा इशाराच बुडायचा. म्हणून इथे पोचपावती मागायचीच नाही, असं ठरलेलं आहे.

दुसरी अडचण समजायला लग्नाची पंगत आठवा. दोन दालनांच्या मधल्या दारात वाढपी उभा आहे. एकीकडून हाक येते 'भात!', त्याच क्षणी दुसरीकडून 'आमटी!'. हाका मारणाऱ्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही, आणि बिचाऱ्या वाढप्याला धड काहीच कळत नाही. एकमेकींच्या टप्प्याबाहेरच्या दोन गाड्या एकदम बोलल्या, की मधल्या गाडीचं हेच होतं.

उपाय तीन. पहिला, बोलण्याआधी कान द्यायचा. कुणी बोलत असेल तर थोडं थांबायचं. दुसरा, तेच पुन्हा सांगायचं. समजा दहातले तीन निरोप हरवतात. तर लागोपाठ तीन हरवण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षाही कमी. पण मध्ये ट्रक आडवा असला तर तो प्रत्येक निरोप अडवतो, तिथे हे गणित चालत नाही. म्हणून तिसरा उपाय: ऐकणाऱ्या गाडीने निरोप पुढे द्यायचा. सगळ्याच देऊ लागल्या तर पुन्हा कल्लोळ, म्हणून सर्वांत लांबची गाडी आधी बोलते आणि ते ऐकून बाकीच्या गप्प बसतात. गर्दी वाढली की प्रत्येक गाडी आपलं बोलणंही कमी करते. खोटे इशारे ओळखता यावेत म्हणून निरोपावर डिजिटल सही असते.

एवढं करूनही शंभर टक्के खात्री मिळत नाही. म्हणून आम्हा अभियंत्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा नियम असा: इशारा आला तर सावध व्हायचं, पण आला नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं कधीच धरायचं नाही. शेजारच्या गाडीत कदाचित हे यंत्रच नसेल. त्यातून वायफायच्या जातीचा रेडिओ आणि मोबाइलच्या जातीचा रेडिओ अशा दोन पद्धती निघाल्या, आणि त्या दोघींना एकमेकींची भाषा कळत नाही. २०१९ मध्ये युरोपीय संघाचा या विषयावरचा नियम याच वादात अडला.

गावात एकच टेलिफोन असला, तर फोन करणार कुणाला? याचंही तसंच आहे. जितक्या गाड्या बोलू लागतील, तितका प्रत्येकीचा उपयोग वाढेल. उद्या खंडाळ्याच्या घाटात दाट धुकं असताना पुढच्या वळणावर बंद पडलेला ट्रक मागच्या गाड्यांना आधीच कळला, तर किती घरांवरचं संकट टळेल! तोवर मात्र पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणं, हाच सगळ्यात खात्रीचा उपाय.